मेणाची रेघ : तंजावरच्या भोसल्यांचे करुप्पुरी वस्त्र

कोणत्याही कलेचे मूळ शोधावयास निघालेल्या मनुष्यास दोन मोह आवरावे लागतात. जे जे सुंदर दिसेल ते ते आपलेच होते आणि परक्यांनी ते आपल्यापासून नेले, असे म्हणण्याचा मोह हा पहिला. जे आपल्या घरी आज दिसत नाही ते कधी नव्हतेच, असे समजण्याचा मोह हा दुसरा. मेणाच्या साहाय्याने कापड रंगविण्याच्या ज्या कलेस आज सर्वत्र ‘बाटिक’ म्हणतात, तिच्यासंबंधी आपल्या सुशिक्षित समाजात हे दोन्ही मोह एकाच वेळी नांदताना दिसतात. कोणी म्हणतात, ही जावा बेटाची विद्या. तिचा आपला संबंध छंदवर्गापुरता. कोणी म्हणतात, ही मूळची हिंदुस्थानचीच. पण एका मराठी राजघराण्याच्या अंगावर ह्याच विद्येने सजलेले वस्त्र अनेक पिढ्या होते, आणि त्या घराण्याबरोबरच ते लयास गेले, ही गोष्ट ह्या दोन्ही पक्षांतील फारच थोड्यांच्या ध्यानी असते. त्या वस्त्राची हकीकत सांगावी आणि तिच्यावरून कला कशाने जगते व कशाने मरते ह्याचा थोडा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ह्या विद्येचे तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, आणि तेलाचा थेंब पडलेल्या कागदावर शाई धरत नाही, हे लहान मुलांसही ठाऊक असते. ह्याच न्यायाने पांढऱ्या कापडावर वितळलेल्या मेणाने वेल काढली आणि ते कापड निळीच्या रांजणात बुडविले, तर मेणाखालचा भाग पांढराच राहतो व बाकीचे अंग निळे होते. मागून उकळत्या पाण्यात मेण काढून टाकले म्हणजे निळ्यावर पांढरी वेल उमटते. कागदावरही हाच प्रयोग साधतो. मेणबत्तीने चित्र रेखून वरून पातळ रंगाचा हात फिरवावा, सुकल्यावर कागद दोन टिपकागदांत घालून वर कोमट इस्त्री ठेवावी. मेण टिपकागदात जाते आणि चित्र उरते. इतर चित्रकलेत हात रंग लावतो. येथे हात रंगास अटकाव करतो. चितारी जेथे जेथे स्पर्श करतो ती जागा कोरी राहते, आणि जी जागा तो सोडून देतो तीच रंगते. ह्या उलट्या व्यवहारामुळे चूक झाली तर ती झाकता येत नाही, म्हणून ह्या कामास मोठी सावधगिरी लागते.

ह्यात एक अडचण आहे, आणि तिच्यावर मात करण्यातच जुन्या रंगाऱ्यांचे खरे बुद्धिवैभव दिसते. निळीचा रांजण थंड असतो. त्यात मेण टिकते. परंतु मुळ्यांपासून होणारा पक्का तांबडा रंग कापड उकळल्यावाचून चढत नाही, आणि उकळले की मेण वितळून जाते. मग तांबड्या भूमीवर पांढरी रेघ कशी राखावी? तर हा तांबडा रंग स्वतःच्या बळावर कापडास धरत नाही. त्याला तुरटीचा आधार लागतो. जेथे तुरटी बसली असेल तेथेच तो पक्का होतो, अन्यत्र धुऊन जातो. म्हणून मेणाने अडवावयाचे ते रंगास नव्हे, तुरटीस. मेणाने रेघ काढावी, वरून थंड तुरटीचे पाणी द्यावे, मेण उतरवावे, आणि मग खुशाल उकळावे. रेघ पांढरी राहते. प्रयोगशाळेवाचून व पुस्तकावाचून हे ज्यांनी शोधून काढले त्यांस आपण केवळ ‘रंगारी’ म्हणून मोकळे होतो.

आता जावाचे ऋण प्रथम मान्य करू. ‘बाटिक’ हे नाव तिकडचे आहे, आणि ह्या कलेस जी पराकाष्ठेची सूक्ष्मता त्या बेटात आली ती अन्यत्र क्वचितच आली. तांब्याच्या चिमुकल्या पात्रास बारीक नळी बसवून केलेले ‘चांटिंग’ नावाचे हत्यार हे तेथील कारागिरांचे वैशिष्ट्य होय. त्यातून गरम मेणाची धार बोरूतून शाई उतरावी तशी उतरते. योग्यकर्ता व सोलो येथील राजवाड्यांत काही नक्ष्या केवळ राजकुळासाठी राखून ठेवलेल्या असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तांब्याच्या ठशांनी मेण लावण्याची रीत तेथे रूढ झाली, आणि डच गिरणीवाल्यांनी ह्या कापडाची यंत्रावर नक्कल करून तिचा व्यापार पश्चिम आफ्रिकेपर्यंत नेला. 2009 मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशात केली, ती यथायोग्यच झाली. जपानात नारा येथील शोसोइन भांडारात आठव्या शतकातील मेणाने रंग अडवून केलेले पडदे आजही जतन केलेले आहेत, त्यांतील एकावर झाड आणि हत्ती आहे. तात्पर्य, हे तत्त्व कोणा एका देशाची मिरासदारी नव्हे.

परंतु हिंदुस्थानची पाटीही कोरी नाही. इजिप्तमधील फुस्तात ह्या जुन्या नगराच्या परिसरात सुती कापडाचे जे असंख्य तुकडे सापडले, त्यांत मध्ययुगातील गुजराती छापील कापड पुष्कळ आहे, आणि त्यातील कित्येकांवर रंग अडवून केलेली नक्षी स्पष्ट दिसते. गुजरातचे पटोळे व छापील कापड मसाल्याच्या बेटांपर्यंत जात असे. जावातील काही नक्ष्यांवर पटोळ्याची छाया आहे, हे तेथील अभ्यासकही मान्य करतात. देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले.

ज्यास युरोपियन लोक कोरोमांडेल म्हणत त्या चोलमंडलाच्या किनाऱ्यावर ही विद्या विशेष भरास आली. तेथील चितारलेल्या कापडाने सतराव्या शतकात युरोपास असे वेड लावले की, आपल्या विणकरांच्या रक्षणार्थ फ्रान्सला 1686 मध्ये व इंग्लंडला 1701 आणि 1721 मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. आपल्या मराठीतील ‘चीट’ आणि इंग्रजांचे ‘चिंट्झ’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार होत. हे रहस्य हस्तगत करण्याची युरोपियनांची खटपट सतत चालू होती. पुदुच्चेरीस आलेल्या बोलिए नावाच्या फ्रेंच नाविक अधिकाऱ्याने 1734 च्या सुमारास सर्व कृति डोळ्यांदेखत करवून घेऊन प्रत्येक पायरीचा कापडाचा नमुना टिपणास जोडला, आणि केर्दू ह्या जेझुइट पाद्र्याने 1742 मध्ये तिचे सविस्तर वर्णन पत्रातून मायदेशी धाडले.

त्या वर्णनांवरून कृति पुष्कळशी उमगते. कापड प्रथम धुऊन, उन्हात वाळवून पांढरे करीत. मग हिरड्याची पूड म्हशीच्या दुधात कालवून त्यात ते भिजवीत. हिरड्यातील तुरट द्रव्याने रंग धरतो आणि दुधातील स्निग्धतेने तो पसरत नाही. भोके पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड झाडून नक्षीची खूण घेत. काळ्या रेघा गंजलेल्या लोखंडाच्या आंबवलेल्या पाण्याने आणि तांबड्याच्या जागा तुरटीने रेखून, चाय नावाच्या झुडपाच्या मुळ्यांत कापड उकळीत. ही चाय, आपल्याकडील आल आणि मंजिष्ठ ही सारी एकाच कुळातील. ह्यानंतर मेणाची पाळी येई. जेथे निळा किंवा हिरवा हवा तेवढ्या जागा सोडून उरलेले सर्व कापड, दोन्ही अंगांनी, मेणाने झाकून ते निळीत बुडवीत. शेवटी मेण उकळून काढीत आणि निळ्यावर पिवळा हात फिरवून हिरवा साधीत. एका वस्त्रास कित्येक आठवडे लागत, ह्यात नवल ते काय?

ह्याच मुलखाच्या दक्षिण अंगास, कावेरीच्या खोऱ्यात, सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात मराठ्यांचे राज्य स्थापन झाले. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी ऊर्फ एकोजी ह्यांनी तंजावर घेतले, आणि त्यांच्या वंशाने तेथे पावणेदोनशे वर्षांच्या वर गादी चालविली. ह्या दरबाराचे एक वैशिष्ट्य असे की, तो भाषेने मराठी राहिला पण रसिकतेने तमिळ व तेलुगू कलांचाही पोशिंदा झाला. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास, आणि त्याच मंदिराच्या छायेत बहरलेले कर्नाटक संगीत, ही सर्व एकाच घरची लेणी होत.

कुंभकोणमच्या जवळ, कोळ्ळिडम् नदीच्या काठी, कोडालि करुप्पूर नावाचे एक खेडे आहे. सांप्रत ते तामिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यात मोडते. तंजावरच्या राजकुळासाठी जे वस्त्र होई ते ह्या गावचे, म्हणून त्यास करुप्पुरी हे नाव. साड्या, पागोटी, अंगवस्त्रे असे त्याचे प्रकार. त्याची अपूर्वता अशी की, त्यात दोन भिन्न कला एकमेकींच्या गळ्यात गळा घालतात. प्रथम विणकर तलम सुती कापड विणतानाच त्यात जामदानीच्या रीतीने जरीची फुले, चांदण्या व वेलबुट्टी भरी. मग ते कापड रंगाऱ्याच्या हाती जाई. तो कलमाने मेणाच्या बारीक रेघा काढून, जरीच्या प्रत्येक फुलास सांभाळीत, भोवतालची भूमी गर्द तांबडी वा काळपट करी. मेण निघाले म्हणजे तांबड्या भूमीवर पांढऱ्या केसासारख्या रेघांचे जाळे आणि त्या जाळ्यात सोने अडकलेले, असे दिसे. झगझगीत सोने त्या गंभीर रंगात मुरून जाई. म्हणून हे वस्त्र दिसण्यात दिमाखाचे नव्हे, खानदानी वाटते. चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आणि अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात त्याचे नमुने आहेत.

येथे वाचकांनी एक कालगणना ध्यानी घ्यावी. दुसरे सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले, आणि 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे किल्ला, आसपासची थोडी जागा, नेमणूक व वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. ह्यापुढे छप्पन्न वर्षे तंजावरास राज्य नव्हते, पण दरबार होता. आणि दरबार होता तोवर करुप्पुरी वस्त्राला नेसणारे अंग व पारखणारा डोळा होता. ज्या पैशातून ही वस्त्रे होत तो राजाला मिळालेल्या नेमणुकीचा होता, हे मनास थोडे टोचते. परंतु सरफोजींनी त्याच पैशातून ग्रंथ जमविले, पाठशाळा चालविल्या, हेही विसरता कामा नये. पराभूत राजाला कलेचा आश्रय हाच एक पुरुषार्थ उरला होता, आणि तो त्यांनी निष्ठेने केला.

1855 मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी औरस पुत्रावाचून वारले, आणि कंपनीने गादी खालसा केली. एवढ्यावरच न थांबता राजाची खाजगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाई ह्यांनी त्याविरुद्ध मद्रासच्या न्यायालयात दाद मागितली व तेथे त्यांची सरशी झाली. परंतु 1859 मध्ये विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. खालसा करणे हे राज्यकर्त्याचे कृत्य असून त्याची चौकशी न्यायालयास करता येत नाही, असे तिचे म्हणणे पडले. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही दाखल्यादाखल वाचला जातो. पुढे 1862 मध्ये सरकारने केवळ मेहेरबानी म्हणून ती मालमत्ता राण्यांच्या स्वाधीन केली. राजवाड्यातील वस्तु परत मिळाल्या. पण ज्या व्यवहाराने त्या वस्तु निर्माण होत असत तो व्यवहार काही परत मिळाला नाही. एकोणिसावे शतक सरता सरता करुप्पुरी साडीचे काम मंदावत जाऊन अखेर बंद पडले. त्या कामाचा विध्वंस करा, असा हुकूम कोणी सोडला नव्हता. गिऱ्हाईक नाहीसे झाले, एवढेच.

आणि तरीही ह्या गोष्टीस दुसरी बाजू आहे. त्याच भागात, करुप्पूर व सिक्कलनायक्कनपेट्टै येथे, देवळांसाठी कापडावर कलमाने चित्रे काढण्याची परंपरा टिकून राहिली. रथाची तोरणे, गर्भगृहाचे पडदे, चांदवे ह्यांना मागणी होती, कारण राजा गेला तरी देव गेला नव्हता. 2021 मध्ये ‘करुप्पूर कलमकारी चित्रे’ ह्या नावाने त्यांस भौगोलिक निर्देशांकही मिळाला. एकाच खोऱ्यातल्या दोन कामांपैकी एक लयास गेले आणि दुसरे जगले. कौशल्याची कमतरता हे त्याचे कारण खास नव्हे. एकाचा आश्रय एका घराण्यात साठलेला होता, दुसऱ्याचा गावोगावच्या उत्सवांत विखुरलेला होता. आपल्या पैठणीवरही दरबार मोडल्यावर वाईट दिवस आले. परंतु ती लग्नघरांत शिरली, सर्वसाधारण गृहिणीच्या इच्छेचा विषय झाली, म्हणून येवल्याचे माग चालत राहिले. करुप्पुरी वस्त्र राजवाड्याचा उंबरठा ओलांडून मध्यम स्थितीच्या घरात कधी आलेच नाही. जो मान त्याने मिळविला तोच त्यास घातक ठरला.

केवळ साहित्य असल्याने कला उपजत नाही, हे पाहावयाचे असेल तर आपल्या कोकणाकडेच पाहावे. चिपळूण तालुक्यातील पोफळी हे गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, वाशिष्ठीच्या खोऱ्याच्या माथ्यावर वसले आहे. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून आणून तेथे 1962 पासून वीज काढू लागले, ह्यामुळे त्याचे नाव सर्वांस ठाऊक झाले. त्या भोवतालच्या सह्याद्रीच्या रानांत काय नाही? हिरडा आहे, आग्या मोहोळांचे मेण आहे, आणि खैराच्या लाकडापासून काढलेला, जाळ्यांना उदी रंग देणारा कात आहे. कात काढणाऱ्या लोकांवरून कातकरी हे एका सबंध जमातीचे नाव पडले. बाजारपेठही दूर नव्हती. ह्याच नदीच्या मुखाशी असलेले दाभोळ हे बहामनी व आदिलशाही काळातील मोठे बंदर. घाटावरचा माल ह्या खोऱ्यांतून उतरून तांबड्या समुद्राकडे व इराणी आखाताकडे जात असे. रंग धरविणारे द्रव्य, रंग अडविणारे मेण आणि परदेशी जाणारी वाट, तिन्ही हाताशी असता मेणाच्या चिटांची परंपरा ह्या खोऱ्यात उभी राहिली नाही.

ह्याची कारणे शोधू गेल्यास ती निसर्गात आणि समाजात मिळून सापडतात. कोकणच्या जांभ्या मातीत कापूस होत नाही. चितारलेले कापड पांढरे करावयास दिवसच्या दिवस कोरडे ऊन लागते. येथे वर्षाचे चार महिने आभाळ फाटलेले, शंभर इंचांच्या वर पाऊस. तांबड्यासाठी लागणारी उत्तम चायमुळी पूर्व किनाऱ्याच्या वालुकामय भूमीत होई. आणि सर्वांत महत्त्वाचे, विणकर, रंगारी, धोबी, दलाल व आगाऊ रक्कम देणारा सावकार ह्यांचे एकमेकांवर अवलंबून असलेले जे गावच्या गाव चोलमंडलात होते, तसे येथे जमले नाही. देशावर भावसार रंगारी होते, त्यांच्या चुनड्या, जाजमे व खडीकाम होते. परंतु घाटाखाली मेण देव्हाऱ्यातील मूर्ति ओतण्यास आणि दोरा ओढण्यास उपयोगी पडले. हिरडा पोती भरभरून परमुलखास गेला आणि दुसऱ्याच्या कापडास रंग देता झाला. कच्चा माल देणारा प्रांत आणि कला करणारा प्रांत ह्यांत केवढे अंतर असते, ते ह्यावरून दिसते.

विसाव्या शतकात मेणाची ही विद्या आपल्याकडे आली ती निराळ्याच वाटेने. 1927 मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जावास गेले. त्यांच्याबरोबर चित्रकार सुरेंद्रनाथ कर होते. त्यानंतर शांतिनिकेतनच्या कलाभवनात बाटिकचे शिक्षण रुजले. नंदलाल बोस ह्यांच्या कन्या गौरी भंज ह्यांनी ते अनेक वर्षे दिले. तेथून ही कला शाळा-महाशाळांत, स्त्रियांच्या वर्गांत आणि घरोघर पसरली. उज्जैनजवळचे भेरूगड व कच्छमधील मुंद्रा येथे ठशांनी मेण लावून होणारे काम आजही अनेक कुटुंबांचे पोट भरते. कागदावर मेणाने चित्र काढणाऱ्या आपल्या मुलांस ह्या दीर्घ इतिहासाची वार्ता नसते, आणि ती नसली म्हणून त्यांच्या आनंदात उणेपणा येतो असेही नाही.

तथापि मोठ्यांनी ती ठेवावयास हवी. करुप्पुरी वस्त्र पुन्हा निर्माण करण्याचे प्रयोग स्वातंत्र्योत्तर काळात झाले आहेत; परंतु प्रयोग आणि परंपरा ह्यांत जे अंतर असते ते केवळ कुशल हातांनी भरून निघत नाही. त्याला नियमाने मागणी करणारे, खरे-खोटे पारखणारे आणि रास्त मोल देणारे घर लागते. तंजावरच्या भोसल्यांनी परक्या भाषेच्या कारागिरांस पिढ्यान् पिढ्या असे घर दिले, हे त्यांचे यश रणांगणावरील कोणत्याही यशापेक्षा कमी नव्हे. आणि ते घर एकटेच राहिले, त्याच्याभोवती खरेदीदारांचा समाज उभा राहिला नाही, हे त्यांचे दुर्दैव. राजे आता उरले नाहीत. त्यांची जागा घ्यावयाची तर ती सुशिक्षित गृहस्थांनीच घेतली पाहिजे. हाताने केलेले एखादे वस्त्र घेताना ते कोणी केले, किती दिवसांत केले आणि त्यातले किती मोल त्याच्या पदरी पडले, एवढे तीन प्रश्न जरी प्रत्येक घराने विचारावयास आरंभ केला, तरी मेणाच्या रेघेला टिकून राहण्यापुरती जागा खात्रीने मिळेल.